आठ मात्रांचा खांदा

धा गे न ती, न क धि न. हे आठ बोल कानावरून गेले नाहीत असा मराठी माणूस सापडणं कठीण. नाव माहीत नसेल, मोजताही येत नसेल, पण गणपतीपुढचं भजन असो, वरातीतला बेंजो असो, शाळेच्या स्नेहसंमेलनातलं कोळीगीत असो की रेडिओवर लागलेलं जुनं हिंदी गाणं, पाय ज्यावर आपोआप हलायला लागतो तो ठेका बहुतेक वेळा हाच असतो. त्याला आपण केरवा म्हणतो. हिंदीत कहरवा. आपल्या बोलण्यात ‘पहिला’चा ‘पैला’ होतो, तसाच याच्याही पोटातला ‘ह’ गळून गेला.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तबला शिकवते. मुलाला क्लासला घालून दोन-तीन महिने झाले की पालक येतात आणि विचारतात, “बाई, केरवा तर झाला. आता खरा तबला कधी सुरू करणार?” खरा तबला म्हणजे त्यांच्या मनात तीनताल, झपताल, कायदे, रेले, पुढे मैफल. केरवा म्हणजे गाण्याबजावण्याच्या मागे वाजायची हलकी गोष्ट. प्रारंभिक परीक्षेच्या अभ्यासक्रमात आहे म्हणून शिकायची, परीक्षा झाली की मागे टाकायची. मला या प्रश्नाचं मनापासून वाईट वाटतं. इतका आनंदी ताल आपल्याकडे दुसरा नाही, आणि तो हलका तर मुळीच नाही. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो त्यांनी जन्मभर खांद्यावर ओझी वाहिली.

आधी ताल कसा आहे ते पाहू, कारण केरव्याची मजा कागदावर लिहिलेल्या आठ बोलांत पुरती दिसत नाही. मात्रा आठ, चार-चारचे दोन खंड. पहिल्या मात्रेवर सम, तिथे टाळी. पाचव्या मात्रेवर काल, तिथे हात नुसता उलटा करायचा. आता बोल बघा. ‘धा’ला दोन्ही हात पडतात. ‘गे’ एकट्या डग्ग्याचा. ‘न’ आणि ‘ती’ एकट्या तबल्याचे. पाचवीवर पुन्हा तबल्याचाच ‘न’. सहावीवर ‘क’ येतो, तो डग्ग्यावर पालथा, बंद, घुमू न देता मारायचा. सातवीवर ‘धि’, म्हणजे पुन्हा दोन्ही हात, आणि आठवीवर ‘न’.

यात डग्गा उघडा कुठे घुमतो ते मोजा. पहिली, दुसरी आणि सातवी. दुसरीनंतर चार मात्रा खर्जाचा आवाज नाही. तीन, चार, पाच, सहा या मात्रांना ऐकणाऱ्याच्या पायाखाली जमीनच नसते, नुसती वरची किनार वाजत राहते आणि अंग हलकं होऊन वर उचललं जातं. मग सम यायच्या दोन मात्रा आधी, सातवीवर, डग्गा अचानक परत येतो. समेची वाट पाहत असलेलं अंग तिथेच खाली यायला लागतं आणि पुढच्या ‘धा’वर टेकतं. उचल आणि टेक, उचल आणि टेक. या ठेक्यावर माणूस बसल्या जागी का डोलतो, याचं उत्तर मला याच चार मोकळ्या मात्रांत सापडतं.

मुलांना मी हे हातानं दाखवते. डग्ग्यावर ‘गे’ वाजवताना बोटांनी आघात करायचा, पण मनगटाची टाच कातड्यावर ठेवून ती किंचित पुढे सरकवायची. आवाज खालून वर चढतो, जणू डग्गा काहीतरी विचारतोय. हा घुमारा आला नाही तर केरवा म्हणजे नुसती टकटक. बोल बरोबर, लय बरोबर, आणि तरीही कोणाचा पाय हलत नाही. आठ बोल पाठ करायला एक संध्याकाळ पुरते, हा घुमारा जागेवर पडायला वर्षं लागतात. भल्या भल्या तयारीच्या वादकांना मी साध्या भावगीताबरोबर केरवा वाजवताना अडखळलेलं पाहिलं आहे. बोटांना वेग होता, पण मनगट सैल नव्हतं.

आता नावाकडे. कहरवा म्हणजे कहारांचा. कहार ही उत्तर प्रदेश, बिहारकडची पालखी, डोली वाहणारी, घरोघरी पाणी भरणारी जात. हिंदी कोशकार ‘कहार’ची व्युत्पत्ती दोन तऱ्हांनी देतात. कोणी संस्कृत ‘स्कंधभार’कडे बोट दाखवतात, म्हणजे खांद्यावरचं ओझं. कोणी ‘क’ म्हणजे पाणी आणि ‘हार’ म्हणजे वाहून आणणारा अशी फोड करतात. कुठलीही धरली तरी माणूस तोच राहतो. तो खांद्यावर बांबू घेऊन चालतो; कधी त्या बांबूला डोली असते, कधी दोन टोकांना पाण्याच्या घागरी. त्या कावडीला तिकडे बहंगी म्हणतात. तळ्यात शिंगाडे लावणं, मासे धरणं हीदेखील कहारांची कामं. आपल्याकडच्या भोई समाजाची कामंही अशीच, नदीतली मासेमारी आणि पालखी. गोव्यात माचिल वाहणारेही भोईच. इंग्रज साहेब नोकराला ‘बॉय’ म्हणून हाक मारीत, त्या हाकेत पालखीवाल्या ‘भोई’चाही आवाज मिसळला आहे, याची नोंद १८८६ साली निघालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात आहे.

पालखी वाहणं हे नुसत्या ताकदीचं काम नव्हतं. रेल्वे यायच्या आधी लांबच्या प्रवासाला पालखीची डाक बसवत. एका प्रवाशाला साधारण आठ भोई लागत. चौघं खांद्याला, चौघं बाजूने धावत, आणि थोड्या थोड्या वेळाने खांदेपालट. सामानाला बहंगीवाले, रात्री पुढे मशालजी. एक टप्पा संपला की ताजे गडी उभे. इतक्या अंतरात आतल्या माणसाला हिसका बसता कामा नये. त्यासाठी गुडघा उंच उचलायचा नाही, पावलं लहान आणि भराभर टाकायची, पाय जमिनीलगत सरकवायचा. सगळ्यांनी एकाच वेळी धपकन पाऊल टाकलं तर पालखी झोके खाते, म्हणून पावलांत थोडा थोडा फरक ठेवायचा. पुढच्याला खड्डा दिसतो, ओढा दिसतो, मागच्याला दिसत नाही. मग पुढचा सुरात सांगणार, मागचे सुरात झेलणार. एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं, ही आपल्या सगळ्या समूहगाण्याची रीत ओझ्याखाली चालणाऱ्या माणसांना गरज म्हणून लागत होती. श्वास राखायचा तरी तोंडाने काहीतरी ठेक्यात चालू हवं, आणि खांदा बदलायचा तरी सगळ्यांना एकच जागा कळायला हवी. सम म्हणजे दुसरं काय असतं? सगळ्यांना एकदम कळलेली जागा.

आणि ही माणसं मुकी नव्हती. १८२७ साली कलकत्त्याच्या सरकारी अंमलदारांनी पालखीवाल्यांवर परवाना, बिल्ला आणि ताशी ठरलेलं भाडं लादलं, तेव्हा तिथल्या ओडिया भोयांनी पालख्या खाली ठेवल्या. शहरातली साहेबमंडळी घरी अडकली. आपल्या देशातल्या सुरुवातीच्या संपांमध्ये हा संप मोजला जातो. पालखीवाल्यांचं गाणं म्हटलं की आपल्याला सरोजिनी नायडूंची १९०५च्या संग्रहातली कविता आठवते, आतली नववधू फुलासारखी हलकी असल्याची. कविता सुंदर आहे. पण मला कलकत्त्याच्या रस्त्यावर टेकवलेल्या त्या पालख्याही तेवढ्याच आठवतात.

कहारांचं गाणं फार जुनं. कबीराच्या ‘बीजका’त साखी, सबद, रमैनी यांच्याबरोबर एक भाग ‘कहरा’ नावाचा आहे, त्यात बारा पदं आहेत. जायसीच्या नावावर ‘कहरानामा’ आहे. म्हणजे पंधराव्या-सोळाव्या शतकात कहारांच्या चालीचं गाणं इतकं ओळखीचं होतं की संतांना, सूफी कवींना आपलं सांगणं त्या चालीत घालावंसं वाटलं. आपल्याकडे एकनाथांनी गोंधळी, वासुदेव, जोशी यांची सोंगं भारुडात आणली, त्याच जातीचं हे काम. लोकांच्या कानात जी चाल आधीच बसलेली आहे तिच्यावर तत्त्वज्ञान लवकर बसतं.

पूर्वेकडच्या भोजपुरी मुलखात कहारांचा नाच हुडुक नावाच्या छोट्या चामडी वाद्यावर चाले. कमरेशी आवळलेलं हे वाद्य दोरीच्या ताणाने आवाज वर-खाली करतं. डग्ग्यावर मनगट सरकवून आपण जे करतो तेच तिथे दोरी करते. पुढे हा नाच शहरांत, कोठ्यांवर गेला. एकोणिसाव्या शतकात नाचणाऱ्या बायका मैफलीच्या उत्तरार्धात ‘कहरवा’ म्हणून एक खास नाच करीत. डोक्याला पागोटं गुंडाळायचं, कपडे खोचायचे आणि पुरुषी चालीत ठुमकायचं. मेहफिलीला आलेल्या साहेबांनी आपल्या प्रवासवर्णनांत त्याबद्दल लिहून ठेवलं आहे. तबला याच कोठ्यांवर, याच नाचांच्या साथीला वाढला. रस्त्यावरची चाल नाचात आली, नाचातून डग्ग्यावर आली, आणि नाचाचं नाव तालाला चिकटलं. दादरा, ठुमरी यांच्या पाठीशीही हीच कोठ्यांची दुनिया आहे. नंतरच्या काळात गाणं ‘शुद्ध’ करायला निघालेल्या मंडळींनी त्या दुनियेकडे पाठ फिरवली आणि तिच्यातून आलेल्या तालांना ‘हलके’ म्हणायची सवय लावली. क्लासमध्ये पालक जे विचारतात त्याची सुरुवात तिथे आहे, हे माझं ठाम मत आहे.

बनारसच्या वादकांनी मात्र केरव्याला कधी अंतर दिलं नाही. ठुमरी दीपचंदीत किंवा चाचरात संथ चालू असते. शेवटाकडे गायिका एका ओळीवर येऊन थांबते, तीच ओळ परत परत म्हणते, आणि तबलजी दुगुनीत केरव्यात शिरतो. याला लग्गी म्हणतात. अनोखेलाल मिश्र, सामताप्रसाद, किशन महाराज यांच्या बनारस बाजात लग्गी ही मानाची गोष्ट. सगळी मैफल तोवर गळा ऐकत असते, ती आता हात ऐकायला लागते. किती लहान बोल, आणि त्यांतून किती तऱ्हा! एक लग्गी धरायची, तिचे तुकडे पाडायचे, लडी गुंफायची, तिहाई घेऊन गायिकेला परत तिच्या संथ ठेक्यावर सोडायचं. मोठ्या वादकाची परीक्षा तीनतालात होते हे खरं, पण त्याच्या अंगात किती रस आहे ते मला लग्गीत कळतं.

महाराष्ट्रात आठ मात्रांचं कुटुंब मोठं आहे. नाट्यसंगीतात धुमाळी आहे, दिंडीत पखवाजावर भजनी ठेका आहे, आणि ढोलकीच्या फडात केरव्याची असंख्य रूपं आहेत. या प्रत्येकाचा स्वभाव वेगळा. भजनी ठेक्यात टाळांचा भार असतो, तो वारकऱ्याला पुढे रेटतो. ढोलकीवर तोच आठाचा हिशेब इतका तापतो, की हलगी आणि तुणतुणं त्याच्यामागे धावतात. केरव्यात मोकळ्या सोडलेल्या त्या चार मात्रा ढोलकीवाला भरून काढतो आणि मग भलत्याच जागी मोकळी जागा सोडतो. बाईचं पाऊल तिथे पडतं.

आमच्या भागात पालखी अजून खांद्यावर आहे. शिमग्यात ग्रामदेवतेची रूपं पालखीत लावतात, पालखी सहाणेवर येते, घरोघर फिरते आणि मोकळी जागा मिळाली की नाचवली जाते. मी लहानपणापासून ढोलाच्या शेजारी उभी राहून हे बघत आले. लोक वर बघतात, पालखीकडे. मला खाली बघायची सवय लागली. पुढचे दोघं, मागचे दोघं. ढोलाचा खर्ज पडला की गुडघे मऊ होतात, दांडा खांद्यावरून निसटता निसटता सावरला जातो, आणि पुढच्या मोकळ्या जागेत चौघंही टाचा उचलतात. तेवढ्या क्षणात पालखीचं वजन कोणाच्याच खांद्यावर नसतं. लगेच ती खाली येते आणि खांदे ती झेलतात. आमच्याकडचा ढोल काही शुद्ध केरवा वाजवत नाही, त्याच्या गतीची बांधणी गावागावाला निराळी. पण उचल आणि टेक हा जो केरव्याचा जीव आहे, तो मी तबला शिकायच्या आधी या चार माणसांच्या गुडघ्यांत पाहिला. मुंबईहून आलेला एखादा चाकरमानी हौसेनं खांदा देतो, ताकदीनं तिघांपेक्षा जास्त असतो, पण ढोलाच्या आवाजाबरोबर खाली न येता आवाज ऐकून मग खाली येतो. दांडा त्याच्या मानेला लागतो. जुने गडी त्याला ओरडत नाहीत, नुसतं म्हणतात, “ढोलाक थांबू नको, ढोलाबरोबर जा.” याहून चांगला तबल्याचा धडा मला कोणी दिलेला नाही. वर्गात सातव्या मात्रेचा ‘धि’ उशिरा आला की मी मुलांना हेच वाक्य सांगते.

सिनेमाच्या गाण्यांत केरवा राजाच होता. पण तिथेही एका माणसाचं नाव घ्यायलाच हवं, ते म्हणजे दत्ताराम वाडकर. जन्म गोव्याचा, १९२९ सालचा. तबल्याची तालीम गोव्याच्याच पंढरीनाथ नागेशकरांकडे. शंकर-जयकिशन यांचे ते साहाय्यक, गाण्यांच्या तालाची बाजू त्यांच्याकडे. राज कपूरच्या सिनेमांतली ती ढोलक आठवा, पहिल्या दोन आवर्तनांतच ऐकणारा हसायला लागतो. केरव्याच्याच आठ मात्रा, पण ढोलकीचा खर्ज असा घासून, खेचून ठेवलेला की ठेका चालता चालता एक पाऊल मागे घेतो आणि दोन पुढे टाकतो. रेकॉर्डिंगच्या खोलीत वादक एकमेकांना सांगत, “दत्ताराम ठेका धर.” अजूनही सांगतात. १९५७चा ‘अब दिल्ली दूर नहीं’ आणि १९५८चा ‘परवरिश’ हे त्यांनी स्वतंत्र संगीतकार म्हणून केलेले सिनेमे. २००७ साली ते गेले. आपल्या संगीतात रागांना गायकांची नावं मिळाली, तानसेनाचा मल्हार झाला, तोडी झाली. एका ढोलकवाल्याचं नाव ठेक्याला मिळावं ही फार मोठी गोष्ट आहे. महाराष्ट्र-गोव्यातल्या किती शाळांमधल्या संगीताच्या पुस्तकात त्यांचं नाव आहे? असायला हवं.

कहारांचा ताल समुद्रापलीकडेही गेला. १८३४पासून मॉरिशसला, मग गयाना, त्रिनिदाद, १८७३पासून सुरीनामला, १८७९पासून फिजीला भोजपुरी मुलखातली माणसं करारावर उसाच्या मळ्यांत नेली गेली. बोटीत बाडबिस्तरा फारसा नेता येत नव्हता. ढोलक गेली, आणि बोल तोंडात गेले. मॉरिशसमध्ये लग्नाच्या आधी बायका ढोलक घेऊन गातात, त्या गीत-गवईला २०१६ साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. त्याच बेटावर आपले मराठी लोकही गेले, आणि त्यांनी कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून टिकवली. सुरीनामच्या बैठक-गान्यात आणि त्रिनिदादच्या चटणी गाण्यात ढोलकीला धनतालाची साथ असते. धनताल म्हणजे उभी धरलेली लोखंडी सळई, तिच्यावर नालाच्या आकाराचा तुकडा आपटायचा. लोखंडाचा तो सारखा टणत्कार मात्रा धरून ठेवतो, त्यामुळे ढोलक मोकळी होते आणि वाटेल तिथे झोका घेते. गती आपल्यापेक्षा पुष्कळ जलद, आणि वर कॅरिबियन पायांचा ठसका. तिथले जुने ढोलकिये या ठेक्याला अजून कहरवाच म्हणतात.

तिसऱ्या-चौथ्या वर्षाला आलेल्या मुलांना मी तिकडच्या अशा एखाद्या गाण्याचं ध्वनिमुद्रण मुद्दाम ऐकवते. भाषा कळत नाही, गाणं अनोळखी असतं. डोळे मिटून डग्गा शोधा, एवढंच सांगते. बहुतेकजण दोन आवर्तनांत सातवी मात्रा पकडतात आणि आपापल्या मांडीवर वाजवायला लागतात.